वडिलांची पारख कोणी करायची?



पाळक आणि वडीलवर्गाच्या या परिषदेने यंदा चर्चेला घेतलेला विषय प्रत्येक मंडळीत दर काही वर्षांनी निवडणुकीच्या रूपाने पुढे येतो. उपासना संपते, सूचना वाचली जाते, नावे सुचवली जातात, हात वर होतात आणि बघता बघता मंडळीचे वडील ठरतात. उपदेश, शिस्त, दानाचा पैसा आणि मिशनच्या काळापासून चालत आलेली मालमत्ता ज्यांच्या हाती सोपवायची, त्यांची पारख इतक्या घाईत उरकली जाते. त्या वेळी पाहिले काय जाते? घराणे जुने आहे का, नोकरी मोठी आहे का, कोर्टकचेरीची माहिती आहे का, माणूस आपल्या गटातला आहे का. पौलाने तीमथ्याला आणि तीताला लिहून पाठवलेल्या यादीत यांतले एकही नाही.

मग यादीत आहे तरी काय? तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पंधराएक गुण ओळीने येतात. वडिलाला कोणी नाव ठेवू नये असे त्याचे वागणे असावे. तो एका स्त्रीचा पती, नेमस्त, समंजस, सभ्य, अतिथिप्रिय आणि शिकवण्यात निपुण असावा. दारूच्या आहारी गेलेला, हात उगारणारा, तंटेखोर, पैशाचा लोभी नसावा. आपले घर त्याने नीट सांभाळलेले असावे. तो नवशिका नसावा आणि मंडळीबाहेरच्या लोकांतही त्याचे नाव चांगले असावे. क्रेत बेटावर गावोगावी वडील नेमण्यासाठी मागे राहिलेल्या तीताला पौल आणखी सांगतो की असा माणूस हेकेखोर नसावा, रागीट नसावा, न्यायी आणि संयमी असावा, मिळालेल्या वचनाला धरून राहणारा असावा.

या साऱ्यात अंगचे कसब म्हणावे असे एकच आहे, शिकवता येणे. बाकीचे सगळे स्वभावाचे आणि वागणुकीचे आहे. शिवाय हे गुण चार लोकांच्या डोळ्यांपुढचे आहेत. राग आला की माणूस काय करतो, पैसा हाती आला की काय करतो, अवेळी पाहुणा आला तर दार कसे उघडतो, हे घरच्यांना, शेजाऱ्यांना, कचेरीतल्या सोबत्यांना ठाऊक असते. पौलाने पारख अशा दिसणाऱ्या गोष्टींवर बेतली, म्हणूनच ती साध्या सभासदालाही करता येते. या अध्यक्षीय भाषणाचे म्हणणे एवढेच आहे की ही पारख मंडळीने स्वतः करावी, नेमणुकीच्या आधी करावी आणि एकेका गुणावर थांबून करावी.

हे म्हणणे नवे नाही. 254 च्या सुमारास स्पेनमधल्या दोन बिशपांचे प्रकरण उत्तर आफ्रिकेत कार्थेजला गेले. बासिलिदेस आणि मार्शियल ही त्यांची नावे. डेशियस बादशहाच्या छळात आपण देवतांना बळी वाहिल्याचे दाखले त्यांनी मिळवले होते आणि त्यामुळे त्यांच्या जागी दुसरे बिशप नेमले गेले होते. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि त्याच्या सोबतच्या बिशपांनी स्पेनमधल्या मंडळ्यांची बाजू घेतली. निवड लोकांसमोर व्हावी, कारण प्रत्येकाचे आयुष्य जवळून पाहिलेले असते ते त्यांनीच, असे कारण सिप्रियनने आपल्या पत्रात दिले आहे.

ही यादी पौलाने कुठून आणली असेल, याचा विचार अभ्यासकांनी पुष्कळ केला आहे. पहिल्या शतकाच्या मध्यावर ओनासांडर नावाच्या ग्रीक लेखकाने सेनापतीने कसे असावे यावर एक ग्रंथ लिहिला. सेनापती कुळ पाहून निवडू नये, संपत्ती पाहूनही निवडू नये, असे तो आरंभीच बजावतो. मग त्याची यादी येते. सेनापती संयमी असावा, सावध असावा, काटकसरी असावा, पैशाचा लोभी नसावा, फार तरुण किंवा फार म्हातारा नसावा, शक्य तर मुलाबाळांचा बाप असावा, बोलण्यात तयार आणि लोकांत नाव असलेला असावा. पौलाच्या यादीशी हिचे साम्य कोणाच्याही लक्षात येईल. जबाबदारीच्या जागेवर बसणाऱ्याकडून त्या काळचा सामान्य नागरिक जी अपेक्षा करी, तिच्यापेक्षा मंडळीची अपेक्षा कमी असू नये, इतके पौलाला नक्की हवे होते.

त्याला तसे कारणही होते. देवभक्ती हे कमाईचे साधन मानणारे लोक तीमथ्याच्या इफिसच्या मंडळीत शिरले होते. क्रेतमध्ये तर काही जण पैशासाठी भलतेच शिकवून घरेच्या घरे उलटीपालटी करत होते. असे शिक्षक बोलण्यात सफाईदार असणार, नाहीतर त्यांना श्रोते मिळाले नसते. वक्तृत्व पाहून त्यांना ओळखणे अशक्य होते. त्यांच्या घराकडे, पैशाकडे आणि रागाकडे पाहिले की ओळख पटत होती.

पहिली पारख घराची. त्या काळी मंडळ्या घरांतच भरत. ज्याच्या घरी माणसे जमत, त्याचे घर हीच उपासनेची जागा असे. प्रवासी उपदेशकांनी उतरावे अशा धर्मशाळा क्वचित, आणि असलेल्या खानावळींची कीर्ती वाईट. म्हणून अतिथिप्रियता हा नुसता शिष्टाचार राहिला नाही, तिच्यावर सुवार्तेचा प्रवास चालला. तरी आंधळे आदरातिथ्य मंडळ्यांना मान्य नव्हते. ‘दिदाखे’ या प्राचीन नियमपुस्तिकेत फिरत्या प्रेषिताला एक दिवस, गरज पडली तर दोन दिवस ठेवून घ्या असे सांगितले आहे. तिसऱ्या दिवशीही तो राहिला किंवा निघताना पैसे मागू लागला, तर तो खोटा समजावा.

महाराष्ट्रात अतिथिप्रियतेचा विषय निघाला की नारायण वामन टिळकांचे घर आठवते. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या संसारात घरी पैसा असो वा नसो, टिळक माणसे घरी आणत आणि त्यांची व्यवस्था पत्नी लक्ष्मीबाईंना लावावी लागे. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या कोणालाही हे सांगायला नको. या आठवणीत आजच्या परिषदेसाठी एक गंभीर सूचना आहे. पुरुषाला वडील म्हणून निवडले की त्याच्या पत्नीच्या चुलीवर, वेळेवर आणि झोपेवरही मंडळीचा भार पडतो. तेव्हा घराची पारख करताना त्या घरातल्या स्त्रीचे मत विचारणे हा पारखीचाच भाग आहे. घरात ती सुखी आहे का, मुले बापाशी मोकळेपणी बोलतात का, की बापाची चाहूल लागली की घर गप्प होते? घर सांभाळणे म्हणजे घरावर जरब ठेवणे, असा अर्थ पुष्कळांनी सोयीने काढला आहे. पेत्राने मात्र वडिलांना लिहिताना कळपावर धनीपणा गाजवू नका असे स्पष्ट सांगितले आहे, आणि घराला वेगळा नियम लावण्याचे काही कारण नाही.

‘एका स्त्रीचा पती’ या अटीवर शतकानुशतके वाद झाला आहे. बहुपत्नीत्व, घटस्फोट, विधुराचा पुनर्विवाह यांतले नेमके काय वर्ज्य आहे, याविषयी निरनिराळ्या परंपरांनी निरनिराळे निर्णय दिले. स्त्रियांनी वडीलपद घ्यावे की नाही, याबद्दलही मंडळ्यांत एकमत नाही. ते वाद आजच्या सभेत मिटणार नाहीत. परंतु पौल स्वतः विवाहित म्हणून वावरला नाही, तेव्हा लग्न झालेले असणे ही किमान पात्रता खचितच नव्हती. वैवाहिक आयुष्यातला एकनिष्ठपणा हवा, यावर तर सर्वांचे एकमत आहे.

दुसरी पारख पैशाची. हा भाग मराठी मंडळ्यांच्या अगदी जवळचा आहे, म्हणून तिथे थोडे थांबले पाहिजे.

दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प याने फिलिप्पैच्या मंडळीला पत्र लिहिले. तिथे वालेन्स नावाचा एक वडील होता. पैशाच्या मोहात तो आणि त्याची पत्नी घसरले. नेमके काय घडले ते पॉलिकार्प सांगत नाही. वालेन्सला आपले पद काय होते याचा विसर पडावा, याचे दुःख तो लपवत नाही. मात्र मंडळीने त्यांना शत्रू समजू नये, दुखावलेला आणि चुकलेला अवयव समजून परत आणावे, अशी विनंती तो करतो. त्याच पत्रात वडिलांची कामे येतात. त्यांनी सर्वांशी दयेने वागावे, आजाऱ्यांना भेटावे, विधवा, अनाथ आणि गरीब यांच्याकडे दुर्लक्ष करू नये, रागापासून, पक्षपातापासून आणि अन्यायाच्या निवाड्यापासून दूर राहावे.

325 साली निकाया येथे भरलेली महासभा श्रद्धेच्या मतांगिकारामुळे सर्वांना माहीत आहे. त्याच सभेने वीस नियमही केले. सतराव्या नियमात व्याजबट्टा करणाऱ्या धर्मसेवकाला पदावरून काढावे असे म्हटले आहे. महिना शेकडा एक या त्या वेळच्या दराचा उल्लेखही तिथे आहे. ख्रिस्ताच्या स्वरूपावर वाद घालणाऱ्या त्या बिशपांना हिशेबाच्या वहीकडे लक्ष देणे कमीपणाचे वाटले नाही.

आज महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांसाठी 1950 चा कायदा आहे. न्यासाची नोंदणी, दरवर्षी हिशेबतपासणी आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे कागदपत्रे, हे सगळे त्यात आले. मिशनच्या आवारांच्या जागा शहरांच्या मध्यावर आल्या, त्यांची किंमत वाढली आणि त्यांवरून ख्रिस्ती माणसे एकमेकांविरुद्ध कोर्टात उभी राहिली. कायदा हिशेब मागतो, लोभ शोधणे त्याचे काम नाही. ते मंडळीचे काम आहे. ज्याने स्वतःच्या भावाबरोबर जमिनीची वाटणी कशी केली हे गावाला माहीत आहे, त्याच्या हाती मंडळीची जमीन द्यावी की नाही हेही गावाकडून कळू शकते. मिलेत बंदरात पौलाने वडिलांना निरोप दिला, तो प्रसंग इथे आठवावा. इफिसहून 50-60 किलोमीटर अंतरावरून ते आले होते. कोणाच्या सोन्यारुप्याचा किंवा कपड्यांचा आपण लोभ धरला नाही असे सांगताना पौलाने आपले हात पुढे केले. याच हातांनी कष्ट करून स्वतःच्या आणि सोबत्यांच्या गरजा भागवल्या, असे तो म्हणाला. तंबू शिवणाऱ्या माणसाचे ते हात त्या वडिलांनी तीन वर्षे कामात पाहिले होते, म्हणून त्या बोलण्याला वजन आले.

तिसरी पारख रागाची आणि सत्तेची. हात उगारणारा नसावा ही अट वाचताना आजच्या वाचकाला ती अनावश्यक वाटेल. चौथ्या शतकाच्या अखेरीस संकलित झालेल्या ‘प्रेषितीय नियमां’त मात्र चुकलेल्या विश्वासणाऱ्यांना मारणाऱ्या बिशपाला, वडिलाला किंवा सेवकाला पदच्युत करावे असा नियमच आहे. तशी वेळ आली नसती, तर नियम कशाला झाला असता?

आजचा मार जिभेचा आहे. अमेरिकेतल्या सिएटल शहरात 1996 साली ‘मार्स हिल’ नावाची मंडळी सुरू झाली. पुढे ती 5 राज्यांत 15 ठिकाणी पसरली. तिचे मुख्य पाळक मार्क ड्रिस्कॉल यांचे उपदेश ऐकायला हजारो माणसे येत. 2014 साली त्यांच्याविरुद्धच्या तक्रारींची चौकशी झाली. अनैतिकतेचा आरोप नव्हता. गर्विष्ठपणा, वादात चटकन संतापून कठोर बोलणे आणि सहकाऱ्यांवर हुकमत गाजवणे, हे दोष चौकशीत आढळल्याचे मंडळीच्या देखरेख मंडळाने जाहीर केले. ऑक्टोबरमध्ये ड्रिस्कॉल यांनी राजीनामा दिला आणि वर्षाच्या शेवटी ती अवाढव्य मंडळी विसर्जित झाली. रागीट नसावा, हेकेखोर नसावा या तीताच्या पत्रातल्या दोन अटी आधीच गांभीर्याने घेतल्या असत्या, तर किती माणसांची श्रद्धा वाचली असती!

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पहिल्या शतकाच्या अखेरीस करिंथच्या मंडळीने आपल्या वडिलांना पदावरून दूर केले. तेव्हा रोमच्या मंडळीने एक दीर्घ पत्र पाठवले, ते क्लेमेंटच्या नावाने ओळखले जाते. ज्यांनी नम्रतेने आणि निर्दोषपणे सेवा केली त्यांना काढणे हे लहान पाप नव्हे, असे त्यात ठणकावले आहे. चौकशी वडिलांची व्हावी तशीच ती मंडळीतल्या गटबाजीचीही व्हावी.

चौथी पारख काळाची. नवशिक्याला पद देऊ नये, कारण तो गर्वाने फुगेल असे पौल म्हणतो. निकायाचा दुसरा नियम याच वचनाचा आधार घेऊन, नुकताच बाप्तिस्मा झालेल्यांना लगोलग वडील किंवा बिशप करण्याला बंदी घालतो. अपवाद घडले. 374 साली मिलानच्या लोकांनी अँब्रोज या प्रांताधिकाऱ्याला बिशप म्हणून निवडले, तेव्हा त्याचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. आठवड्याभरात बाप्तिस्मा आणि दीक्षा दोन्ही उरकले. तो थोर बिशप ठरला हे खरे. पण त्याची आधीची कारकीर्द साऱ्या मिलानने डोळ्यांनी पाहिली होती, हेही विसरू नये. मराठी ख्रिस्ती समाजाच्या पहिल्या पिढीने संयम पाळला. बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा 1854 सालचा, दीक्षा 1867 सालची. मधल्या तेरा वर्षांत त्यांची लेखणी चालली होती. 1857 साली ‘यमुनापर्यटन’ बाहेर पडले. त्यांना पाळक म्हणून स्वीकारताना त्यांचा विचार आणि वागणे दोन्ही लोकांपुढे आलेले होते.

शिकवण्याच्या अटीबद्दल एकच उदाहरण पुरे आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टर गावी रिचर्ड बॅक्स्टर हा पाळक होता. पाळकांच्या कर्तव्यावरचे त्याचे प्रसिद्ध पुस्तक 1656 साली निघाले. त्याच्या पॅरिशमध्ये आठशेच्या वर कुटुंबे होती. तो आणि त्याचा साहाय्यक सोमवार आणि मंगळवार, सकाळपासून जवळजवळ रात्रीपर्यंत, एकेका कुटुंबाला स्वतंत्र बसवून शिकवत. आठवड्याला पंधरा-सोळा कुटुंबे धरली की वर्षात सगळी पॅरिश पूर्ण होई. व्यासपीठावर तास-तास बोलणारे पुष्कळ असतात. एखाद्या विधवेच्या किंवा बेकार तरुणाच्या शंकेपुढे शांत बसून वचन उलगडून सांगता येते का, यावरून शिकवण्याची निपुणता कळते.

इतके सारे ऐकल्यावर कोणीही म्हणेल की मग वडील होणार तरी कोण? प्रश्न प्रामाणिक आहे. ज्या पेत्राने तीन वेळा प्रभूला नाकारले, त्यानेच पुढे स्वतःला सोबतीचा वडील म्हणवून घेत कळप सांभाळण्याची आज्ञा लिहिली. पौलाने मंडळीचा छळ केला होता. यादीला निष्कलंक भूतकाळ नको आहे. आज माणूस कसा वागतो आणि चुकल्यावर सत्य सांगतो का, हे ती विचारते.

नेमणुकीनंतरही पारख थांबत नाही. वडिलावरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांवाचून ऐकू नये, पण पाप सिद्ध झाले तर सर्वांसमोर त्याची कानउघाडणी करावी आणि यात पक्षपात करू नये, असे तीमथ्याला सांगितलेले आहे. यातला पहिला अर्धा भाग सर्वांच्या लक्षात राहतो आणि दुसरा विसरला जातो. चेन्नईत जन्मलेले जगप्रसिद्ध वक्ते रवी झकरायस 2020 साली वारले. त्यांनी स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या चौकशीच्या अहवालातून 2021 च्या फेब्रुवारीत जगापुढे आले. ते हयात असताना एका स्त्रीने केलेल्या तक्रारीवर संस्थेच्या मंडळाने विश्वास ठेवला नव्हता. नंतर मंडळाने माफी मागितली. दोन-तीन साक्षीदारांची अट निरपराध वडिलांना खोट्या आरोपापासून वाचवण्यासाठी आहे. पीडितेचे तोंड बंद करण्यासाठी ती कोणी वापरू लागला, तर मंडळीने त्याला तिथल्या तिथे अडवले पाहिजे.

म्हणून परिषदेपुढे पाच सूचना ठेवल्या आहेत. वडीलपदासाठी आलेली नावे निवडणुकीच्या किमान एक महिना आधी उपासनेत वाचून दाखवावीत. प्रत्येक नावासाठी दोन प्रौढ सभासदांनी, त्यांत एक स्त्री असावी, त्या उमेदवाराच्या घरी, शेजारी आणि कामाच्या ठिकाणी जाऊन यादीतल्या एकेका गुणाविषयी विचारपूस करावी. सेवकांची आधी पारख व्हावी असे पौल म्हणतो, त्याच न्यायाने नव्या उमेदवाराने आधी आजाऱ्यांच्या भेटी, गरिबांची मदत किंवा रविवारची शाळा यांतले एखादे काम दोन वर्षे केलेले असावे. तपासलेले हिशेब दरवर्षी मंडळीपुढे वाचावेत आणि त्यांची प्रत सर्वांना पाहता येईल अशा जागी लावावी. आणि तक्रारींसाठी दुसऱ्या मंडळीतल्या सभासदांसह एक लहान समिती असावी, तिने ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावे, आणि निर्दोष ठरलेल्या वडिलाचे नाव तितक्याच जाहीरपणे मोकळे करावे.

दुपारच्या सत्रात या सूचनांवर कडाक्याची चर्चा व्हावी. त्यांत मंडळीबाहेरच्या साक्षीचा मुद्दा सर्वांत आधी घ्यावा, कारण तोच सर्वांत अवघड जाणार आहे. आपल्या वडिलाविषयी शेजारच्या हिंदू दुकानदाराला, मुसलमान घरमालकाला किंवा कारखान्यातल्या बौद्ध सहकाऱ्याला जाऊन विचारायचे, ही कल्पना पुष्कळ मंडळ्यांच्या पचनी पडणार नाही. तरी पौलाने ती अट यादीच्या शेवटी मुद्दाम ठेवली आहे. ती पाळण्याची रीत कोणती, कोण विचारायला जाईल, मिळालेले उत्तर कोणापुढे आणि किती सांगितले जाईल, याचा मसुदा परिषद संपण्याआधी तयार करावा. मग प्रत्येक मंडळीच्या चिटणिसाने तो आपल्या येत्या वार्षिक सभेपुढे मंजुरीसाठी ठेवावा.